कडूमुळीची काढणी

पाऊस यंदा लवकर पाठ फिरवून गेला आणि कडूमुळीचं रान दिवसागणिक आवळत चाललं. मुळी काढायची तर जमीन मऊ असावी लागते. बोटाएवढी जाड, वाकडीतिकडी, हातभर खोल गेलेली मुळी वरून ओढली की मधोमध तुटते, आणि तुटलेला माल औषधाच्या कारखान्याचा माणूस पायानं बाजूला सारतो. म्हणून ओळीच्या कडेनं आधी चर खणायचा, चरात उतरायचं, बाजूच्या मातीत पहार घालून ती सैल करायची आणि चरात ढासळू द्यायची. मग मुळी अख्खी हाताला येते. ओल असली की हे काम हसतखेळत होतं. यंदा कुदळ मारली की खांद्यापर्यंत झिणझिण्या येत होत्या.

मजूर सगळे रस्त्याच्या कामावर गेलेले. घरात माणसं तीन. थोरला, त्याची बायको थोरली, आणि धाकटी. धाकटी ही थोरल्याच्या पाठच्या भावाची बायको. तो भाऊ गेल्या उन्हाळ्यात विहिरीतला गाळ काढताना कड ढासळून गेला. दोघे भाऊ बरोबरच खाली होते. थोरला छातीपर्यंत गाडला गेला होता, त्याला लोकांनी दुपारीच वर काढलं. धाकट्याला काढेपर्यंत दिवस मावळला.

तेव्हापासून थोरल्याला माती पडल्याचा आवाज सोसत नव्हता. भिंतीचा पोपडा पडला तरी तो ताटावरून उठायचा. झोप तर गेलीच होती. डोळे खोल, मान आखडलेली, कुणी मागून हाक मारली की अंगावर काटा. आणि कडूमुळीची काढणी म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत मातीच पाडायची.

तरी तो येत होता. न येऊन सांगणार कुणाला?

त्या सकाळी धाकटी त्याच्याच चरात, दोन हात मागं होती. थोरली पलीकडच्या बांधावर मुळ्यांची माती झटकत बसली होती. धाकटीनं पहार घातली, अंगाचा भार टाकला आणि मोठं ढेकूळ सुटलं. ते थेट थोरल्याच्या पोटऱ्यांवर जाऊन फुटलं.

तो ओरडला नाही. नुसता खाली बसला. दोन्ही हात छातीशी घेतले, हनुवटी वर केली, जणू माती गळ्यापर्यंत आली आहे आणि नाक तेवढं वर ठेवायचं आहे. श्वास शिट्टी वाजवावी तसा बाहेर पडत होता.

"भावजी," धाकटी म्हणाली. "ढेकूळ होतं. नुसतं ढेकूळ."

त्याला ऐकू जात नव्हतं. आणि मग तिला दिसलं, त्याच्या धोतराखालची माती ओली होत होती.

त्याच वेळी बांधावरून कारखान्याचा माणूस येत होता. छत्री डोक्यावर, दुसऱ्या हातात चपला. माल किती निघाला ते बघायला तो अधूनमधून यायचा आणि गावभर गप्पा पेरत जायचा. धाकटीनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा थोरल्याकडे. पिण्याच्या पाण्याची कळशी चराच्या काठावर होती. तिनं ती उचलली आणि सबंध थोरल्याच्या डोक्यावर उपडी केली.

"काय हो," कारखान्याचा माणूस हसला, "दिराला रानातच अंघोळ घालता की काय?"

"ऊन लागलं त्यांना. भोवळ आली."

"एवढ्या सकाळी?"

"तुम्ही छत्रीखाली आहात म्हणून सकाळ वाटते," धाकटी म्हणाली. "उतरा खाली, मग कळेल."

तो काही उतरला नाही. थोरली धावत आली. नवऱ्याला काखेत हात घालून उठवलं आणि घराकडे नेलं. जाताना थोरल्यानं मागं वळून धाकटीकडे पाहिलं. त्याला कळलं होतं, कळशी का रिकामी झाली. धाकटीनं नजर वळवली. तिला त्याचे उपकाराचे डोळे नको होते. तिच्या पोटात वर्षभर एकच गोष्ट घट्ट बसली होती, की दोघं उतरले होते आणि हा वर आला. हे ती कुणापाशी बोलली नव्हती. बोलण्यासारखं नव्हतंच ते. पण त्याच्या पुढ्यात भाकरी वाढताना, त्याचा सदरा वाळत घालताना ती गोष्ट जागची हलत नव्हती.

*

गोळ्यांचं प्रकरण त्याआधी थोडे दिवस सुरू झालं होतं. जिल्ह्याच्या इस्पितळातली एक डॉक्टरीणबाई अपघातातून वाचलेल्या माणसांना शोधत गावोगाव फिरत होती. कुणी आगीतून वाचलेला, कुणी बुडता बुडता, कुणाचं घर अंगावर पडलेलं. अंगावरच्या जखमा भरल्या, पण आतली भीती गेली नाही, मन उठत नाही, अशी माणसं तिला हवी होती. कडूमुळीच्या अर्कानं अशांना आराम पडतो का, हे तिला पाहायचं होतं.

"आमच्याच रानातली मुळी?" थोरलीनं विचारलं होतं.

"तुमच्या, दुसऱ्यांच्या. कारखान्यात अर्क काढतात. पण एक गोष्ट आधीच सांगते. निम्म्या लोकांना अर्काच्या कॅप्सूल मिळतील, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या, पण आत साधं पीठ असलेल्या."

"मग यांना कुठल्या?"

"मलाही माहीत नाही."

"तुम्ही डॉक्टर ना?"

"मला माहीत असलं तर मी त्यांच्याकडे बघतानाच वेगळं बघेन," डॉक्टरीणबाई म्हणाली. "म्हणून मला सांगतच नाहीत. अधूनमधून इस्पितळात येऊन माझ्याशी बोलत बसायचं, महिन्याला रक्त तपासून घ्यायचं. आणि हे बघा, औषध चालू असताना दुसरं काही घ्यायचं नाही. घरात मुळी आहे म्हणून मुळी तर मुळीच नको." आपल्याच बोलण्याचं तिला हसू आलं. थोरला पण जरासा हसला. धाकटीला ते आठवत होतं, कारण वर्षभरात तेवढंच.

त्या दिवशी थोरल्याला ओले कपडे बदलून निजवल्यावर थोरली स्वयंपाकघरात आली. तिच्या मुठीत एक कॅप्सूल होती. धाकटी चुलीपाशी बसली होती. थोरलीनं कॅप्सूलची दोन टोकं ओढून ती उघडली, आतली भुकटी तळहातावर घेतली, हुंगली, जिभेचं टोक लावलं.

"घे. तू चाटून बघ."

"कशाला उघडलीत ताई?"

"चाट म्हणते ना."

धाकटीनं चाटलं. पिठूळ, किंचित गोड. कडूमुळीचा वास तर ओल्या जनावरासारखा. मुळ्या सोलल्या की बोटांना रात्रंदिवस यायचा, केसांना, अंथरुणाला यायचा. आणि कडूपणा असा, की चुकून हात तोंडाला लागला तर जेवण नकोसं व्हावं. इथे तसलं काही नव्हतं.

"पीठ," थोरली म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "माझा माणूस चरात बसून मुततो, आणि ह्यांनी त्याला पीठ दिलंय. पोतीच्या पोती मुळी आपल्या पडवीत, आणि त्याला पीठ!"

तिनं तळहात चुलीत झटकला. धाकटीला वाटलं, ते तिथंच संपलं.

*

आठवडा उलटला नसेल, थोरला झोपायला लागला.

आधी पहाटेचा डुलका, मग सरळ उजाडेपर्यंत. एका सकाळी तो धाकटीच्या आधी रानात गेला होता. ती पोचली तर अर्धा चर खणून झाला होता आणि तो पहार घालत होता. ढेकळं त्याच्या पायांवर फुटत होती. तो दचकत होता, थांबत होता, पण बसत नव्हता.

"गोळी लागू पडली म्हणायची," धाकटी थोरलीला म्हणाली.

"हं," थोरली म्हणाली आणि पाटीत मुळ्या भरत राहिली.

रान सरकू लागलं. संध्याकाळी पडवीत मुळ्या धुवायच्या, बारीक तंतू कापायचे, जाडीप्रमाणे वेगळ्या करायच्या, वाळत घालायच्या. थोरला जेवणावर बसल्या बसल्या पेंगायचा, पण ती पेंग सुखाची वाटत होती. एकदा तर त्यानं कारखान्याच्या माणसाची छत्री धरून चालण्याची नक्कल केली. थोरली इतकी हसली की तिला ठसका लागला. धाकटीलाही हसू आलं आणि मागोमाग राग आला, कुणाचा ते तिचं तिलाच कळलं नाही.

मग पडवीच्या कोपऱ्यात, वाळल्या मुळीच्या पोत्यांमागं तिला ते पातेलं सापडलं. बुडाशी काळपट साका आणि चेचलेल्या मुळीचे धागे. वास तर नाकात मारत होता.

थोरली दारात उभी होती.

"ताई, हे त्यांना देता तुम्ही?"

"गुळातून देते. दुधात."

"त्यांना माहीत आहे?"

"माहीत झालं तर डॉक्टरणीला सांगतील. तुला माहीत आहे त्यांचा स्वभाव. पोटात काही ठरत नाही." थोरलीनं पातेलं तिच्या हातातून घेतलं. "आणि तू पण सांगणार नाहीस."

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या—"

"डॉक्टरीणबाईनं पीठ दिलं. मी झोप दिली. बघतेस ना रोज? तुझ्या डोळ्यांदेखत माणूस उभा राहिला." ती जवळ आली. "कोण खणतंय तुझ्या वाटणीच्या ओळी? तुझा नवरा?"

बोलून गेल्यावर थोरलीचं तिलाच लागलं असावं. तिनं तोंड फिरवलं. पण शब्द गेले होते. धाकटीनं हात पदराला पुसले. अर्ध्या ओळी तिच्या होत्या हे खरंच होतं. एकटीनं त्या तिच्यानं निघाल्या नसत्या, हेही खरंच. तिनं तोंडात मिठाची गुळणी धरली ती तेव्हापासून.

*

आधी खाज सुटली. थोरला चरात खणता खणता पाठ काठावर घासायचा. अंगभर ओरखडे.

"मुळीचा चीक लागला असेल," थोरली म्हणाली.

मग जेवण तुटलं. भाकरीचा वास आला की तो ताट सरकवायचा. खणायला उभा राहायचा, पण दर थोड्या वेळानं कुदळीवर हनुवटी टेकायचा. झोप मात्र वाढतच होती, आणि थोरली त्या झोपेकडे कौतुकानं बघायची. काढा तिनं कमी केला नव्हता. उलट, दाट केला होता.

धाकटी मुळ्या धूत असताना तो पाणी प्यायला आला आणि उन्हाकडे तोंड करून उभा राहिला. तिला त्याच्या डोळ्यांचं पांढरं दिसलं. पिवळं होतं. हळद लागावी तसं.

"भावजी, लघवीला कसं होतंय?"

असला प्रश्न भावजयीनं विचारावा, याचं त्याला नवल वाटलं. पण कळशीच्या दिवसानंतर त्यांच्यात लाजण्यासारखं फार उरलं नव्हतं. "लाल," तो म्हणाला. "चहासारखी. पाणी कमी पडतंय उन्हात."

तिच्या जिभेवर आलं होतं. पडवीत थोरली हातातली सुरी थांबवून तिच्याकडेच बघत होती. रानात शेवटच्या ओळी उरल्या होत्या आणि जमीन आता दगडाची झाली होती. हा बसला तर त्या ओळी तशाच राहणार, मुळ्या आत पोकळ होणार. दोन दिवसांत काढणी उरकेल, मग सांगू, असं तिनं ठरवलं. आणि ठरवताना तिला कळत होतं की पोटात तळाशी आणखीही काही आहे. होऊ दे काय व्हायचं ते, असं कुणीतरी आतून म्हणत होतं. तो आवाज तिचाच होता. तिनं हात जोरजोरात पाण्यात घुसळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरला चराच्या काठावर ओकला आणि उठलाच नाही. डोळे उघडे, पण ओळख नव्हती. थोरलीला तो "आई" म्हणाला.

ट्रॅक्टरवाला शेजारच्या रानात होता. त्यानं ट्रॉलीत मुळ्यांची रिकामी पोती पसरली, त्यांवर थोरल्याला घातलं. दोघी दोन्ही बाजूंना बसल्या. रस्ता खडबडीत. प्रत्येक खड्ड्याला त्याचं डोकं आपटू नये म्हणून थोरलीनं ते मांडीवर घेतलं होतं. ट्रॅक्टरच्या आवाजात ती धाकटीच्या कानाशी वाकली.

"काढ्याचं बोलू नकोस."

धाकटीनं तिच्याकडे पाहिलं.

"पाया पडते तुझ्या. गुन्हा दाखल करतील माझ्यावर. विष घातलं म्हणतील. इस्पितळाचं दार बंद होईल त्यांना. कावीळ झाली म्हणायचं. कावीळ काय, कुणालाही होते."

*

इस्पितळाच्या खोलीत फिनेलचा वास होता आणि एकच पंखा करकरत फिरत होता. डॉक्टरीणबाई आली, तिनं पापण्या उघडून पाहिल्या, पोट दाबलं, उजव्या बरगडीखाली बोटं टेकवताच थोरला कण्हला.

"कॅप्सूलशिवाय काय घेत होते?"

"काही नाही," थोरली म्हणाली.

"दारू?"

"शिवत नाहीत."

"ताप, अंगदुखीच्या गोळ्या? जडीबुटी? काढा?"

"नाही हो. घरचं जेवण तेवढं."

डॉक्टरीणबाई टेबलाशी वळली. परिचारिकेला रक्त घ्यायला सांगितलं. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "काय घेतलं ते कळलं नाही तर मी अंधारात चाचपडत बसणार. आणि यांच्याकडे तेवढा वेळ नाही."

धाकटी भिंतीला टेकून उभी होती. तिच्या नखांत रानाची माती होती. खाटेवरचा माणूस तोंड उघडं टाकून श्वास घेत होता. हाही गेला तर? तिनं त्या विचाराकडे सरळ पाहिलं. वर्षभर ती जिच्याभोवती फिरत होती, ती गोष्ट समोर खाटेवर पडली होती. आणि तिला ती नको होती. अजिबात नको होती.

"मुळीचा काढा," ती म्हणाली. "रोज. दुधातून. दाट."

थोरलीचा हात तिच्या दंडावर पडला, नखं रुतली.

"किती दिवस?"

"पंधरा-वीस दिवस असतील. त्यांना ठाऊक नव्हतं. मला होतं. कालपासून डोळे पिवळे होते, तेही मी पाहिलं होतं."

थोरलीनं दंड सोडला आणि मटकन खाली बसली. "पीठ होतं हो त्यात," ती डॉक्टरीणबाईकडे बघून म्हणाली. "मी चाखलं. पीठ दिलं होतं तुम्ही."

डॉक्टरीणबाई दाराकडे वळली. बाहेर गेली. व्हरांड्यात तिचा फोनवरचा आवाज येत राहिला. ती कुणाला तरी थोरल्याचा क्रमांक सांगत होती, पुन्हा पुन्हा, अशी वेळ आली की कॅप्सूलमध्ये काय होतं ते उघड करावंच लागतं म्हणून. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"पीठ नव्हतं," ती म्हणाली. "यांना अर्कच मिळत होता. कडूपणा आणि वास कारखान्यात काढून टाकतात. नाहीतर ज्याला अर्क मिळाला त्याला पहिल्याच दिवशी कळेल." ती थोरलीसमोर उकिडवी बसली. "अर्कही आणि वरून काढाही. यकृतावर दोन्हीचा मार बसला. अर्कानंही कुणाकुणाला असं होऊ शकतं. म्हणून तर मी रक्त तपासत होते. पुढची तपासणी चार दिवसांवर आली होती."

"मग झोप कशानं लागली?" थोरलीनं विचारलं. रडत नव्हती. खरोखर विचारत होती. "अर्कानं की माझ्या काढ्यानं?"

"ते आता मलाही कधी कळणार नाही."

तिनं कुणावर गुन्हा दाखल केला नाही. थोरला किती तरी दिवस खाटेवर होता, नळ्या लावलेला, आणि दोघी जावा एकाच बाकावर बसून एकमेकींशी एक अक्षर बोलत नव्हत्या. एकीला भूक लागली की दुसरीला न विचारता उठून जायची. डोळ्यांचा पिवळेपणा हळूहळू उतरला. शुद्ध आल्यावर डॉक्टरीणबाईनं त्याला सगळं सांगितलं, काही न लपवता. कॅप्सूल बंद. मुळी तर जन्मात नाही, मुळ्या सोलायच्या झाल्या तरी हात धुवून जेवायचं.

"भीती परत येईल?" त्यानं विचारलं.

"येईल. पण इथे येऊन बसणं बंद करू नका. गोळ्या थांबल्या, बोलणं थांबलेलं नाही."

"मी कुठे बोलतो? मी तर नुसता बसतो."

"मग बसायला या," ती म्हणाली.

*

घरी आल्यावर थोरल्यानं बायकोला एका शब्दानं विचारलं नाही. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. पण तो तिच्या हातचं घेईनासा झाला. तिनं चहा पुढे केला की तो कप हातात घ्यायचा, हुंगायचा आणि खाली ठेवायचा. दूध तर पाहिलं की ओठ मिटायचा. भाकरी स्वतः टोपलीतून काढायचा. पाणी स्वतः माठातून. थोरली बघत उभी राहायची. एकदा तिनं भरलेला कप तसाच मोरीत ओतला आणि कितीतरी वेळ कप विसळत राहिली.

धाकटी मधे अडकली. तिनं वाढलेलं तो जेवायचा. त्यामुळे थोरली तिच्याकडे बघायचीसुद्धा नाही.

झोप गेली. मान पुन्हा आखडली. दाराची कडी वाजली की त्याचे खांदे कानांपर्यंत जायचे. रानात शेवटच्या ओळी तशाच होत्या. कारखान्याचा माणूस बांधावरून ओरडून गेला, की गाडी यायच्या आत निघाल्या तर बघा, नाहीतर नांगर फिरवा.

सकाळी धाकटी कुदळ घेऊन निघाली तर थोरला तिच्यामागं होता.

"डॉक्टरीणबाईनं जड काम नको म्हटलंय."

"पाटी धरीन," तो म्हणाला.

थोरली आधीच येऊन पलीकडची ओळ खणत होती, पाठ त्यांच्याकडे करून. जमिनीचे ढलपे निघत होते. धाकटीनं चर पाडला, आत उतरली. थोरला पाटी घेऊन तिच्या बाजूला उतरला. तिनं पहार घातली आणि थांबली.

"पडणार आहे," ती म्हणाली. "आधी सांगते. बघा, इथून पडेल."

"पाड."

माती ढासळली. तो पांढरा पडला. पाटी हातात थडथडली. पण या वेळी त्याला कुठून येणार ते ठाऊक होतं. तो उभा राहिला. तिनं मुळी सोडवली, पाटीत टाकली.

"आता इथून."

"पाड."

असं चाललं. दर वेळी ती सांगायची, दर वेळी तो होकार द्यायचा, दर वेळी थरथरायचा. सदरा घामानं पाठीला चिकटला. ओळीच्या मध्यावर आल्यावर एक मोठा कडा एकदम सुटला, न सांगता, आणि दोघांच्या गुडघ्यांपर्यंत माती आली. थोरल्यानं हनुवटी वर केली. डोळे मिटले. धाकटीनं त्याचं मनगट घट्ट धरलं. तिलाही श्वास लागला होता. तिच्या डोळ्यांपुढे दुसरंच उभं राहिलं होतं.

"भावजी," ती म्हणाली, आणि वर्षभर न विचारलेलं तिच्या तोंडून निघून गेलं. "ते ओरडले होते का?"

त्याला उमजायला वेळ लागला.

"वर आणलं तेव्हा त्यांचं तोंड उघडं होतं," ती म्हणाली. "मातीनं भरलेलं. मी बोटानं काढली. मला रोज वाटतं, हाका मारत असतील. मला. आणि मी घरात चूल सारवत होते."

थोरल्यानं डोळे उघडले.

"नाही गं," तो म्हणाला. "हसत होता."

पलीकडच्या ओळीतली कुदळ थांबली.

"काय?"

"हसत होता. मोठ्यानं. मी म्हटलं, वर गेल्यावर तुझ्या वहिनीला सांगू, गाळात सोन्याची बांगडी सापडली म्हणून. तर तो म्हणतो, दादा, वहिनी शिडीची वाट बघायची नाही, पदर खोचून सरळ उडी मारेल. आणि जोडीची दुसरी बांगडी सापडेस्तोवर आपल्या दोघांना वर येऊ देणार नाही. आणि लागला हसायला. घमेलं सुटलं त्याच्या हातातून. तसा हसतानाच वरून…" त्यानं हातानं दाखवलं. हात खाली येता येता थांबला. "आवाज झाला तेवढाच. तो ओरडला नाही. त्याला कळलंच नाही, धाकटे. माझ्याकडे बघून हसत होता."

धाकटी चरात उभी होती, गुडघ्यापर्यंत मातीत. तिला आधी तो हसताना दिसला, मागचे दात दिसेपर्यंत तोंड उघडून, जसा तो खरोखर हसायचा. मग तिच्या तोंडून काहीतरी निघालं, ते हसणं होतं की काय ते कुणाला सांगता आलं नसतं. ती वाकली, चराच्या भिंतीला कपाळ टेकलं आणि तिचे खांदे हलायला लागले.

"सांगितलं का नाहीत इतके दिवस?"

"तोंडात माती यायची," थोरला म्हणाला, आणि खरंच त्यानं जीभ ओठांवरून फिरवली. "बोलायला गेलो की."

पाठीमागून पावलं आली. थोरली चराच्या काठावर उभी होती, डोक्यावरचा पदर घसरलेला, तोंड धुळीनं माखलेलं.

"जोडी सापडेस्तोवर?" ती म्हणाली. इतक्या दिवसांनी तिचा आवाज घोगरा निघाला. "सगळा गाळ चाळणीनं चाळून घेतला असता दोघांकडून."

कुणी हसलं नाही, पण थोरल्याच्या मानेतला ताण जरासा उतरला. थोरली गुडघ्यांवर बसली, हातानं धाकटीच्या पायांभोवतीची माती ओढू लागली. तिचा एक पाय सुटला, मग दुसरा. थोरल्यानं आपले पाय आपणच उपसून काढले. मग थोरलीनं काठावरच्या कळशीतून तांब्या भरला. क्षणभर तो तिच्या हातातच राहिला. पुढे करावा की खाली ठेवावा, तिला ठरवता येईना.

थोरल्यानं हात पुढे केला आणि तो घेतला. हुंगला नाही. घटाघटा प्यायला, अर्धा ठेवला आणि धाकटीला दिला.

धाकटी प्यायली. तोंड पुसलं, मातीचा ओघळ गालभर झाला.

"भावजी," ती म्हणाली, "परत सांगा. पहिल्यापासून. खाली उतरलात तिथपासून."

वरून बारीक माती चरात घरंगळत होती. थोरला दचकला, थांबला, मातीकडे बघत राहिला. मग चराच्या काठाला पाठ लावून उभा राहिला आणि सांगायला लागला.